साठ अधिक वीस, भागिले दोन

पेट्रोलचा वास आला की अजूनही मला एक सकाळ आठवते.

ऐंशीच्या दशकातली सकाळ. पनवेलच्या एका शाळेत दहाला माझ्या बायकोची, सुमनची मुलाखत होती, गणिताच्या शिक्षिकेची. लग्नानंतरची पहिलीच. ती म्हणत होती, लवकर निघू. मी म्हणालो, "टेन्शन कशाला? वाशीहून वीस किलोमीटर. चाळीसच्या सरासरीने अर्ध्या तासात पोचवतो." आणि अर्धाच तास हातात ठेवून स्कूटरला किक मारली.

रस्ता खणलेला. पुढे खडीचे ट्रक, दातांत धूळ करकरत होती. काटा विसाच्या वर जाईना. बेलापूरला निम्मं अंतर संपलं आणि रस्ता एकदाचा मोकळा झाला.

"आता साठने मारतो!" मी ओरडलो. "साठ नि वीस ऐंशी, भागिले दोन, चाळीस. जमली सरासरी!"

मागून तिचं मनगट माझ्या नाकापुढे आलं. घड्याळात दहा वाजले होते.

"अहो, अर्धा तास इथेच संपला. आता विमानाने नेलंत तरी चाळीस होणार नाही."

उरलेला रस्ता मी साठनेच कापला. खांद्यावर तिची बोटं रुतत होती.

मुख्याध्यापकांनी उशिराचं कारण विचारलं. तिने सरळ खडू उचलला आणि माझी चूक फळ्यावर सोडवून दाखवली. नोकरी मिळाली.

पुढे दरवर्षी तिने वर्गात तेच उदाहरण घातलं: 'एक शहाणा स्कूटरवरून निघाला...' आता बाजारात तिचे जुने विद्यार्थी भेटतात, वाकून नमस्कार करतात, माझ्याकडे बघतात आणि हळूच विचारतात, "बाई, हेच का ते?"