हरवलेला वीरगळ आणि माझी पहार

ऐका, पण आधी चहाचा घोट गिळून घ्या. माझी फजिती ऐकताना एकाला असा ठसका लागला होता की त्याच्या पाठीत बुक्क्या घालता घालता माझाच हात दुखायला लागला!

फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि गावी येऊन राहिलो. औंधच्या अलीकडं आमचं गाव. घरटी एक माणूस फौजेत. मला रिकामं बसवत नाही. ग्रामपंचायतीनं ठरवलं, गावातल्या जुन्या जागांवर माहितीचे फलक लावायचे. प्रमुख कोण? मीच! दुसरं कोणी तयारच नव्हतं म्हणा.

पहिल्याच बैठकीला नव्वदीचे तात्या काठी टेकत आले. तेही जुने फौजी.

"हवालदार, फलक लावशील रं, पर आपला वीरगळ कुटं हाय?"

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. आमच्या गावचा वीरगळ मारुतीच्या देवळामागं होता म्हणे. फौजेत निघालेला गडी आधी त्याच्यापुढं नारळ फोडायचा, मगच एसटीत बसायचा. पुढं, माझ्या भरतीच्याही आधी, देवळामागं झाडी माजली आणि दगड दिसेनासा झाला.

"माझी नात भरती झालीया. सोमवारी निगंल," तात्या म्हणाले. "माज्या बानं फोडला, मी फोडला. तिनं नारळ कुटं फोडायचा, सांग की!"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मला राहवलं नाही. छाती पुढं काढून बोललो, "तात्या, सोमवारच्या आत दगड हजर करतो!"

झाडी तोडली, माती उकरली. दगड नाही! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारच्या गावच्या देवळात वीरगळ आहेत की! आणि त्या गावाशी आमचं कुस्तीच्या मैदानापासून वाकडं. चोर सापडला! पुरावा कशाला हवा?

रविवारी सकाळी पहार, दोरखंड आणि आठ गडी घेऊन टेम्पो काढला. तात्या पुढं, ड्रायव्हरशेजारी. तिथल्या सरपंचबाई शेणानं माखलेल्या हातानंच गोठ्यातून बाहेर आल्या.

"आमचा वीरगळ मुकाट्यानं द्या!" मी गरजलो. परेड ग्राउंडवरचा आवाज तो!

"आवं पावणं, आमचं तीन हायती, आज्या-पणज्यापास्नं. तुमच्या दगडावर खूण काय?"

तात्या म्हणाले, "वीराच्या पायाशी कुत्रं हाय."

तिन्ही दगड पाहिले. लढणारा वीर आहे, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आहेत, त्याच्याही वर महादेवाची पिंड, चंद्र-सूर्य. कुत्रं नाही. आता माणसानं गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "तुम्ही कुत्रं घासून काढलं असणार!"

बाई हात धुऊन आल्या आणि सगळ्यांना चहा दिला. "च्या घ्या. डोस्कं तापलंय तुमचं," म्हणाल्या. शिव्या परवडल्या असत्या हो!

माना खाली घालून परत आलो. गडी माझ्याच अंगणात टेकले. तात्या ओट्यावर बसले. तेवढ्यात आमची मंडळी बाहेर आली.

"आवं, पहार हाय न्हवं हातात? मग ह्यो धुण्याचा दगूड तेवढा सरळ करा. बावीस वर्सं डुगडुगतोय. कितींदा सांगितलं!"

म्हटलं, एवढं तरी काम धड होईल. चौघांनी पहार घातली आणि दगड उलटा केला.

खालून कुत्रं माझ्याकडं बघत होतं!

कुत्र्याच्या वर वीर, वीराच्या वर अप्सरा. सगळं जसंच्या तसं, फक्त चिखलानं माखलेलं. मी घसा खाकरून म्हणालो, "हा... हा इथं कोणी आणला?"

"कोन म्हंजे? तुमीच की!" मंडळी म्हणाली. "सुट्टीवर आलावता तवा. देवळामागनं बैलगाडीत घालून. फरशीगत सपाट दगूड घावला म्हनून गावभर सांगत हिंडलावता."

आठवलं! पालथा पडला होता, मी तसाच उचलला होता. म्हणजे बावीस वर्षं माझ्या चड्ड्या-बनियनी त्या वीराच्या पाठीवर आपटल्या जात होत्या. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तात्या उठले, दगडावरून हात फिरवला, माझ्याकडं पाहिलं आणि असे हसले की कवळी ओट्यावर पडली.

सोमवारी नातीनं देवळामागं पुन्हा उभ्या केलेल्या वीरगळापुढं नारळ फोडला, त्याला कडक सॅल्यूट ठोकला आणि एसटीत बसली. तात्या रडले, मीही रडलो.

फलकाचा मजकूर ठरवताना मी हळूच म्हणालो, "शोधणाऱ्याचं नाव टाकायचं का?"

"टाक की," तात्या म्हणाले. "फकस्त कुटं घावला, त्येबी टाक."

फलकावर माझं नाव नाही.

घरी आलो तर मंडळी धुण्याची बादली घेऊन दारातच उभी. "आता दुसरा दगूड आना. पर ह्या खेपंला आदी उलटा करून बगा!"