बंब्याच्या आतली नळी

मी परदेशात शिकले असं आमच्या घरी अजूनही पाहुण्यांना सांगतात. आई तर ‘सिएना’ हा शब्द असा उच्चारते, की ऐकणाऱ्याला वाटावं मी तिथली मोठी पदवीच घेऊन आले. एक सेमिस्टर होतं ते. त्याबद्दल कुणी कौतुकानं विचारलं की माझं डोकं फिरतं. आई मग मला डोळ्यांनी दटावते आणि पाहुण्यांसमोर पोह्यांची दुसरी बशी ठेवते.

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आमच्या कॉलेजातून एकाच विद्यार्थ्याला इटलीतल्या त्या जुन्या शहरात पाठवणार होते. अर्ज मी केला आणि माझ्या मैत्रिणीनंही केला. ती चितेगावची. वडील शेती करायचे, भाऊ तिथल्याच एका कंपनीत लागला होता. रोज पैठण रोडवरच्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये मांडीवर टी-स्क्वेअरची लांबलचक पट्टी आडवी धरून, शेजारच्यांची बोलणी खात ती औरंगाबादला यायची. माझं घर औरंगपुऱ्यात, कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तरी वर्गात उशिरा पोचणारी मीच.

निवड माझी झाली. तिनं पेढे आणले, मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "लई भारी झालं बघ. तू जा बिनधास्त. इथलं मी बघते."

इथलं म्हणजे बंबा. आमच्या शहराला पूर्वी नहरीचं पाणी यायचं. जमिनीखालून आलेलं पाणी जागोजागी दगड-विटांच्या मनोऱ्यात खापरी नळीनं वर चढायचं, वरच्या कुंडीत पडायचं आणि दुसऱ्या नळीनं उतरून पुढच्या मोहल्ल्यात जायचं. या मनोऱ्याला आमच्याकडे बंबा म्हणतात. जुन्या बाजारामागे असा एक बंबा एका खाजगी जागेत उभा होता. कोरडा, पण धडधाकट. कुंडीतून एक पिंपळ डोकावत होता, पायथ्याशी कुणीतरी सायकली टेकवून ठेवायचं. दुसऱ्या वर्षापासून आम्ही दोघी त्याच्या मागे लागलो होतो. त्या जागेचे मालक कापडाचे व्यापारी होते, वयानं वडिलांपेक्षा मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांना तिथं दुकानं काढायची होती. मी त्यांच्या गादीवर बसून हट्टच धरला, की बंबा मध्ये ठेवूनही दुकानं बसवता येतात, मी नकाशा काढून देते, फुकट देते, फक्त मला परत येऊ द्या. चाचा हसले. "ठीक है बेटा. तुम आने तक हात नहीं लगाता. जबान दी."

माझं सगळं चित्त त्या एका शब्दात अडकलेलं होतं. परत यायचं, नकाशा द्यायचा, बंबा वाचवायचा. बाकी विमानप्रवास, पासपोर्ट, नवीन स्वेटर यांचं कौतुक घरच्यांना.

सिएना मला आवडलं, हे कबूल करायला हवं. विटांच्या रंगाचं गाव, गल्ल्या सगळ्या चढ-उताराच्या. तिथला पाव अळणी असतो, मीठ नावाला नाही. मी तो घरच्या लसणाच्या चटणीशी खायचे आणि खोलीतल्या मुली खिडक्या उघडायच्या. पण त्या गावाखालीही विटांचे बोगदे आहेत आणि शेकडो वर्षांपूर्वी त्यातून गावाला पाणी यायचं. आम्हाला एकदा दिवे देऊन त्यात उतरवलं. पायाशी पाणी वाहत होतं, आजही. मी तिथंच रडले. आनंदानं का रागानं ते कळलं नाही. यांनी जपलं आणि आपण सायकली टेकवतो, एवढंच डोक्यात होतं. शिकवणाऱ्या बाईंनी सेमिस्टरचं काम दिलं ते हेच: आपापल्या गावच्या पाण्याची एक वास्तू निवडा आणि तिला पुन्हा जगवून दाखवा. मी क्षणभरही विचार केला नाही.

आता आमची मोजायची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मैत्रीण टेप धरायची, चढायची, माप मोठ्यानं ओरडायची. मी खाली कागद घेऊन तेच माप परत ओरडायचे. ती "व्हय" म्हणाली, की मगच लिहायचं. तिच्या व्हयशिवाय मी कागदावर आकडा टाकला नाही कधी. आणि जे हातानं मोजलं तेच सलग रेघेत काढायचं, जे नुसतं अंदाजानं माहीत आहे ते तुटक रेघेत. बंब्याच्या बाहेरचं सगळं आमचं सलग होतं. आतल्या नळ्या मात्र तुटक. भिंतीच्या पोटात काय आहे ते कोण बघणार?

सिएनाहून मी आठवड्यातून एकदा तिला कॉल करायचे. ती संध्याकाळी एका सायबर कॅफेत येऊन बसायची, कानाला हेडफोन लावून. मी विचारायचे, कुंडीची कड किती जाड? पायथ्याचा दगड किती पुढे? ती पुढच्या वेळी मापं घेऊन यायची आणि आमचं जुनं ओरडणं-परत ओरडणं सुरू व्हायचं. मधल्या काळात ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला लागली होती. "सर लई कामं देतेत," म्हणायची, "पण तुझं काम सोडनार नाय मी." मी प्रत्येक वेळी विचारायचे, बंबा ठीक आहे ना? "हाय की. जाईल कुठं?"

मग एका संध्याकाळी तिनं स्वतःहून सांगितलं, "आतल्या नळीचं माप घेतलंय. लिही."

मी खुर्चीतून उठलेच. "आतल्या? घेतलंस कसं?"

"वरनं कुंडीतून हात घातला कसातरी. तू लिही ना. आतून साडेचार इंच. खापर एक इंच जाड. भोवती चुन्याचा थर, त्यात ताग दिसतोय."

मी परत म्हटलं. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "व्हय."

त्या आठवड्यात मी तुटक रेघा पुसून सलग केल्या. दोन नळ्या, एक चढणारी, एक उतरणारी, भोवती चुना, चुन्यात ताग. आयुष्यात इतकं सुंदर सेक्शन, म्हणजे उभा काप, मी पुन्हा काढलं नाही. बाईंनी ते बराच वेळ बघितलं आणि विचारलं, भिंतीच्या आतलं मोजलं कुणी? मी छाती फुगवून म्हटलं, माझ्या मैत्रिणीनं, फार चिवट आहे ती. बाईंनी चुन्यातल्या तागावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. जुनं बांधकाम पाहण्यात जन्म गेलेली बाई ती, तिला नक्कीच शंका आली असणार. मला आली नाही. सेमिस्टरच्या शेवटी ते ड्रॉइंग त्यांनी शाळेच्या जिन्यात लावलं. खालच्या कोपऱ्यात, मोजणी कुणी केली त्या ओळीत, मी माझ्या नावाच्या वर तिचं नाव लिहिलं होतं.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉइंगची प्रत गुंडाळून जुन्या बाजारात गेले. बंबा नव्हता. पिंपळही नव्हता. पत्र्याचं कुंपण, आत खणलेला पाया, उभे गज. कुंपणावर येणाऱ्या कॉम्प्लेक्सचं रंगीत चित्र आणि खाली आर्किटेक्टचं नाव. मैत्रीण कामाला होती ते ऑफिस.

माझे पाय मला चाचांच्या दुकानात घेऊन गेले. मी बोलणार होते पुष्कळ. जबान, इमान, सगळं तयार होतं तोंडात. पण मला बघून चाचाच खुशीत उठले, चहा सांगितला. "अरे बेटा, कब आई? मैं तो रुका था तुम्हारे लिए. तुम्हारी सहेली आई, बोली तुमसे बात हो गई. नाप ले लिया, अब तुमको ऐतराज नहीं." मग माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बघून हळूच विचारलं, "ऐतराज नहीं था ना?"

त्या माणसानं शब्द पाळला होता. माझा होकार त्याला माझ्या मैत्रिणीनं आणून दिला होता, माझ्या नावानं. मी चहा तसाच टाकून उठले. इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि त्यात लाजही होती, कारण दर आठवड्याला "बंबा ठीक आहे ना" विचारून मी तिचेच आभार मानत होते.

ती त्याच ऑफिसात, टेबलावर वाकलेली सापडली. समोर त्या कॉम्प्लेक्सचाच नकाशा होता. मला बघून तिचा चेहरा पडला, पण नजर तिनं वळवली नाही.

"तू चाचांना खोटं सांगितलंस."

"सांगितलं. सरांनी म्हटलं, हे काम आलं तर तुला पक्की करतो. माझ्या घरी कुणी मला सिएनाला धाडनार नव्हतं, अन् धाडायला जागाबी एकच होती. ती तुला भेटली. मला काय भेटलं?"

"मला सांगायचं. भांडायचं माझ्याशी."

"तू ऐकलं असतंस? तिथून चाचांना फोन केला असतास, काम बोंबललं असतं."

तेही खरंच होतं. मी फोन केलाच असता. म्हणून तर ती दर आठवड्याला येऊन मला मापं देत होती, मला शांत ठेवायला. मी गुंडाळी सोडून तिच्या नकाशावर पसरली. तिची नजर सरळ त्या दोन नळ्यांवर गेली.

"हे माप खरं आहे?" मी विचारलं.

"एकदम खरं. टेप लावून घेतलंय."

"पाडताना?"

"व्हय. अर्धा पाडला होता, तेव्हा नळ्या दिसल्या. मला तू आठवलीस. मी मशीनपुढं जाऊन उभी राहिले, ड्रायव्हरला काम बंद करायला लावलं. सर ओरडले, तरी हलले नाय. माप पुरं होईस्तोवर थांबवलं त्याला. तुझ्यासाठी."

ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी आता तिला माफ करणार.

"म्हणजे थांबवता येत होतं," मी म्हटलं.