कोऱ्हाळ्याच्या नाटकाची वही

दुसऱ्याची वही मी एकेचाळीस वर्षं घरात ठेवली, म्हणून हे लिहावं लागतंय. नाहीतर प्रवासाबद्दल लिहायची मला हौस नाही.

एम.ए.ला असताना मी विषय घेतला होता : नाटक कुठं होतं, कोण करतं आणि कुणासाठी करतं. त्यासाठी तीन ठिकाणं निवडली. वालचंदनगरची कारखान्याची वसाहत, बावड्याची बाजारपेठ आणि कोऱ्हाळे बुद्रुक. वही कोऱ्हाळ्याची. तिथल्या अण्णांनी पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या दोन भावांचं नाटक लिहिलं होतं. थोरल्याचं काम ते करत, धाकट्याचं त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, तात्या. पूर्ण नाटक त्या एकाच वहीत होतं. बाकी प्रत्येकाकडं फक्त स्वतःची वाक्यं उतरवलेले कागद, त्याला नक्कल म्हणत. आठ दिवसांत परत करते, असं सांगून मी वही नेली. प्रबंध झाला, लग्न झालं, वही कपाटात गेली.

गेल्या बुधवारी तात्यांच्या सुनेचा, सुनंदाचा फोन आला. नंबर तिनं माझ्या जुन्या कॉलेजातून मिळवला होता.

"सोमवारी तात्यांना घशाच्या ऑपरेशनला न्यायचंय. मागनं आवाज न्हाय ऱ्हायचा म्हणत्यात. त्यांना अण्णांच्या संगतीचा शेवटचा परवेश एकदा म्हणायचाय. वही हाय का तुमच्याकडं?"

आहे म्हटलं. शुक्रवारी सकाळी स्वारगेटवरून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, गाडी वेळेवर सुटते. डाव्या बाजूला बसू नका, ऊन थेट तोंडावर येतं. बारामतीत उतरले तेव्हा कोऱ्हाळ्याची गाडी समोर उभी होती. मी वालचंदनगरच्या गाडीत बसले. आधी जुनी ठिकाणं पाहून घेऊ, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण भीती.

वालचंदनगरच्या क्वार्टर्सपैकी बऱ्याच बंद आहेत, अंगणात पाचोळा साचलाय. मालतीबाई मात्र तिथंच राहतात. तेव्हा वसाहतीच्या नाटकांत त्या नायिका असत. पहिल्या रांगेत साहेब बसायचे, म्हणून नाटकातल्या दुष्ट माणसाला कधी सूट घालायचा नाही, हा तिथला नियम. त्यांनी पोहे केले आणि जुना हिशेब काढला.

"तू माझं काम बेताचं आहे असं लिहिलं होतंस."

"होतंच बेताचं."

"ते मला ठाऊक होतं गं. लिहायचं कशाला?"

मी पोहे संपवले आणि रात्री त्यांच्याकडंच राहिले.

शनिवारी इंदापुरात गाडी बदलून बावड्याला गेले. इथं व्यापारी नाटक बसवत आणि नटी बाहेरगावाहून आणत. खताच्या दुकानातले आबा त्या वेळचे नायक. म्हणाले, "बाई तालमीला यायच्या न्हाईत. थेट स्टेजवर. मी पिरमाचं बोलायचो आन् मनात म्हणायचो, ही कोण?" दुकानातले सगळे हसले. आता जत्रेला ऑर्केस्ट्रा येतो. रंगमंचाच्या जागी गाळे झालेत. स्टँडजवळ पिठलं-भाकरी चांगली मिळते. मुक्काम इंदापुरात केला. लॉज साधा आहे, सकाळी गरम पाणी मिळतं.

रविवारी सकाळी बारामतीमार्गे कोऱ्हाळ्याला पोचले. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांमुळं नीरा रस्त्यावर तासभर जादा धरा. सुनंदा दारातच उभी होती.

"या. लई वाट बघितली. काल सकाळपतूर आवाज व्हता."

तात्या खाटेवर बसले होते. त्यांनी हात जोडले आणि कुजबुजल्यासारखं म्हणाले, "वही भिजली न्हाय ना?" मला एवढंच विचारलं.

नट वारला की त्याची नक्कल चितेवर ठेवायची, अशी इथं रीत पडली, हे मला तेव्हा कळलं. सुनंदानं सांगितलं, "समदं नाटक पुण्याच्या बाईंकडं हाय, मग मेल्या माणसाचा कागद ठिवायचा कशाला, असं म्हणायची ही लोकं." मेलेल्याच्या जागी दुसरा नट घेत नसत. जत्रेला देवळाच्या कट्ट्यावर उरलेले बसत, आपापली वाक्यं म्हणत, आणि गेलेल्याचं वाक्य आलं की तेवढा वेळ गप्प राहत. समोरचा गावही गप्प राहायचा. अण्णा जाऊन बावीस वर्षं झाली. गेल्या जत्रेला कट्ट्यावर तात्या एकटे होते.

सुनंदानं वही उघडली आणि अण्णांचं भाषण वाचायला घेतलं. ती सावकाश वाचत होती. मध्येच तात्यांचे ओठ हलले, "जा. पाणी घे तू. मला न्हाय लागत."

"तात्या, थांबा. अण्णांचं अजून हाय."

तात्या थांबले. तिनं पुढं वाचलं : "बांध तू न्हाय फोडलास. मीच फोडला. तुला धरून नेलं तवा मी उसात बसून बघत व्हतो. तोंड उघडलं न्हाय."

तात्यांनी तिला ते पुन्हा वाचायला लावलं.

"हे अण्णा म्हणायचा? माझ्या कागदावर न्हाय हे. इसरलोच व्हतो."

"वहीत हाय."

"बावीस वर्सं मी ह्याच्या आदीच बोलतोय. त्याला कबूल करू दिलंच न्हाय."

नंतर त्यांनी आपलं वाक्य म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलले. या वेळी कुजबुजही उमटली नाही. सुनंदानं वही मिटली आणि चहा टाकायला उठली. मी शुक्रवारीच थेट इथं आले असते, तर ते वाक्य त्यांना म्हणता आलं असतं.

पुण्याला परतले. सोमवारी ऑपरेशन झालं. तात्यांना पाटी दिली आहे, असं सुनंदा फोनवर म्हणाली. पाटीवर काय लिहितात, हे मी विचारलं नाही. माझा प्रबंध कपाटात आहे. त्याला चांगले गुण होते. तिन्ही गावांनी मला चहा दिला, वेळ दिला, जे होतं ते दाखवलं. मी त्यांना शेरे दिले.

रविवारी सुनंदाच्या हाती दिलं ते असं : शंभर पानी वही एक, पुठ्ठा सुटलेला, पानं पूर्ण. शाई शाबूत. शेवटच्या प्रवेशात अण्णांच्या कबुलीशेजारी समासात लाल शाईनं 'लांबलं आहे, कापावं', अक्षर माझं.