वहिनीचा हाक्या

आमची वहिनी कपाटात बसून कमावते. थट्टा नाही, खरंच सांगते. मोबाईलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीसाठी ती मालिका लिहिते आणि स्वतःच बोलते. बाहेरची गडबड आत येऊ नये म्हणून कपड्यांच्या कपाटात रजया लावून घेतल्यात.

मालिकेतला देश तिने मुळात छकुलीसाठी रचला. छकुली म्हणजे माझी भाची, सहा वर्षांची, एक नंबरची भागूबाई. नव्या घरात पोरीला झोपच लागेना. तेव्हा वहिनीने सांगितलं, एक देश आहे, तिथल्या दारांना माणूस कळतो. वाईट माणूस आला की दार हलत नाही, लाथा घाला नाहीतर डोकं आपटा! घरं रुसली की उठून दुसऱ्या गल्लीत जाऊन बसतात. राजा नाही, लढाई नाही. ते ऐकत पोर निवांत झोपायची.

कंपनीचे साहेब म्हणाले, "मॅडम, देश छान आहे, पण लोक तिसऱ्या भागातच पळतात. भीती घाला. एखादा राक्षस आणा."

वहिनीचं जेवणावरून लक्ष उडालं. दारांचा नियम मोडायचा नाही म्हणजे नाही, हा तिचा हट्ट. मी म्हटलं, "अगं, आण एखादा शिंगांवाला, तुझं काय जातंय?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने भांडी घासायला गेले.

शेवटी तिने हाक्या आणला. त्याला ना शिंगं, ना सुळे. तो घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, म्हणून दार फसतं.

"बघ! नियम जसाच्या तसा, आणि साहेबही खूश," वहिनी म्हणाली. किती दिवसांनी हसली होती बाई.

लोकांनी हाक्याला डोक्यावर घेतलं. मग एका दुपारी छकुली खोलीत एकटी खेळत होती आणि बंद कपाटातून भाग बोलणाऱ्या वहिनीचा आवाज आला, "बाळा, दार उघड ना. आई आलेय." स्वयंपाकघरात माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, मग त्या एवढ्याशा जिवाचं काय! धावत गेले तर पोर चड्डी ओली करून भिंतीला चिकटलेली.

तेव्हापासून वहिनीने जेवायला हाक मारली तरी छकुली मला विचारायची, "आत्या, ती आईच आहे का?"

"आग लागो त्या मेल्या हाक्याला! मारून टाक त्याला," मी ओरडले. वहिनीने माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला.

साहेब हसले. "त्याच्यावर तर सगळं चाललंय. तुम्हाला नको असेल तर दुसरं कोणी लिहील. करारात देश आमचा आहे."

दुसरा कोणी आला तर पहिल्यांदा दारांचा नियमच मोडेल, या धास्तीने तिने पुढचे भाग कबूल केले. मला तिचा रागही आला आणि कीवही.

संध्याकाळी छकुली माझ्या पाठीआडून म्हणाली, "आई, तू हाक्याला मारशील ना?"

वहिनीला खोटं बोलता येत नाही. "नाही गं बाळा. लोकांना तो फार आवडतो."

पोरीला समजवायला ती खाली बसली, हात पुढे केले, काही बोलणार इतक्यात छकुलीने दोन्ही कान गच्च दाबले.

"आत्या, तिला बोलू देऊ नको!"