पुतण्यांच्या वाट्याचे रोट

दोंडाईच्यात माझ्याबद्दल एक गैरसमज पसरला आहे आणि तो पसरवण्यात माझा हात मोठा आहे. लोक म्हणतात, हा माणूस पुण्यातला फ्लॅट सोडून म्हाताऱ्या वहिनीच्या सेवेसाठी गावी परत आला. एका कीर्तनकारानं तर माझ्याकडे बघत लक्ष्मणाचा दाखला दिला. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

खरी गोष्ट अशी, की बायको गेल्यावर पुण्यात मला साधा कुकर लावता येत नव्हता. इकडे थोरला भाऊ गेलेला, वहिनी पाय मोडून बसलेली, दोन्ही पुतणे परदेशात. "मी जातो ना," असं मी फोनवर अशा आवाजात म्हणालो की थोरल्या पुतण्याला रडू आलं. मी आलो, आणि थोड्याच दिवसांत वहिनी काठी टेकत उठली, चुलीपुढे बसली आणि मला गरम भाकरी वाढू लागली. सेवा सुरू झाली ती अशी. फक्त दिशा उलटी.

मला काम उरलं नाही. मग मी कोपऱ्यावरच्या गादीवाल्याच्या दुकानात जाऊन बसू लागलो. हा गादीवाला आमच्याच गल्लीत वाढलेला, जातीचा पिंजारी, नमाजाची वेळ सोडली तर दिवसभर कापसात. तिथं एक निवृत्त कंपाउंडरही येऊन बसायचा. मी अहिराणी बोलायला लागलो की दोघं हसायचे. "नाना, तुम्ही मराठीच बोला," कंपाउंडर म्हणायचा, "आमची भाषा कशाला आजारी पाडता?" इतक्या प्रेमानं माझा अपमान पुण्यात कुणी केला नव्हता.

श्रावणात आमच्या घरी कानबाई, ही आमची खानदेशी देवी, बसली. तिच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू घेतात. माणूस जगात कुठंही असो, त्याची मूठ पडतेच. त्या पिठाचे जाड रोट भाऊबंदांनीच खायचे. लग्न झालेल्या लेकीलाही द्यायचे नाहीत. खाल्लेले हात अंगणातल्या एका खड्ड्यावर धुवायचे, म्हणजे कण पायाखाली येत नाही. आणि सगळे रोट पौर्णिमेपर्यंत संपवायचे.

वहिनीनं पुतण्यांच्या, त्यांच्या मुलांच्या, सगळ्यांच्या मुठी घेतल्या. खाणारे मात्र आम्ही दोघं. बाकीचे भाऊबंद केव्हाच सुरतेला पांगलेले. तिच्याच्यानं अर्धा रोट जात नव्हता, आणि मला मधुमेह.

"उरू द्यायचे नाहीत, भाऊ," ती म्हणाली. "तुमचे भाऊ आजारी पडले ना, त्या श्रावणात उरले होते."

या वाक्यापुढे मधुमेह काय सांगणार? मी "मी आहे ना," म्हणालो. हे वाक्य मला फार चांगलं जमतं.

दोन दिवस खाल्ले. तिसऱ्या दिवशी सगळे डब्यात भरून गादीवाल्याकडे नेले. एकच फडताळात मागं राहिला, तो मला दिसला नाही.

गादीवाल्यानं डबा उघडला. "नाना, हाऊ रोट शे ना?"

"छे. साध्या पोळ्या आहेत."

त्याचा विश्वास बसला. सगळ्यात जास्त मला तेच लागलं, पण ते नंतर. त्या वेळी तो आणि कंपाउंडर खात होते आणि मला फक्त डबा रिकामा होताना दिसत होता. घरी येऊन वहिनीला सांगितलं, "संपले." तिनं देवीपुढे हात जोडले. पोरांची नावं घेतली.

पौर्णिमेच्या सकाळी गादीवाल्याची बायको दारात आली. "अक्का, तुमच्या पोळ्या यांना काय गोड लागल्या हो! कशा केल्या?"

"कोणत्या पोळ्या?" वहिनी म्हणाली, आणि तिला विचारता विचारता माझ्याकडे बघू लागली.

ती बाई गेल्यावर वहिनीनं दार लोटलं. मग म्हणाली, "माझ्या पोरांच्या मुठी वाटून आलात?"

मी मान डोलावली.

"हात कुठं धुतले त्यांनी?"

"पायजम्याला पुसले."

"मग जा. सांडलं असेल तेवढं गोळा करून आणा."

मी दुकानात जाऊन खरं ते सांगितलं. गादीवाल्यानं कापूस पिंजायचं मशीन बंद केलं. "मी विचारलं होतं ना, नाना?"

"हो."

"पुण्याला चालतं का असं?"

एवढंच बोलून तो गुडघ्यांवर बसला आणि बाकड्याखालचा कापूस चाळू लागला. कंपाउंडरनं चष्मा चढवला आणि तोही खाली बसला. तीन म्हातारे, सहा दुखरे गुडघे, आणि गल्लीतली गिऱ्हाइकं दारात उभी राहून विचारतायत, "काय हरवलं?"

"हा रोट, का सरकी?" कंपाउंडर कण नाकाशी धरून विचारायचा.

"सरकीपण घ्या. कमी पडायला नको," गादीवाला म्हणायचा.

मूठभर कापूस, कण आणि एक शर्टाचं बटण घेऊन आम्ही अंगणात उभे राहिलो. गादीवाला पुढं झाला. "अक्का, माहीत नव्हतं. पण खाल्लं आम्हीच."

वहिनीनं मुठीतलं निरखून पाहिलं, बटण बाजूला काढलं, बाकीचं खड्ड्यात टाकलं. मग तांब्या घेऊन, एका हातानं काठी सावरत, तिनं दोघांच्या हातांवर खड्ड्यावर पाणी घातलं.

"पुढल्या श्रावणात इथं बसून खायचं," ती म्हणाली. "माझ्या पोरांच्या नावाचं आहे. दुकानात सांडायचं नाही."

"म्हणजे अक्का, आम्ही भाऊबंद?" कंपाउंडरनं विचारलं.

"पोरांच्या वाट्याचं खाल्लं, तर पोरांची कामंपण करायची. माळ्यावरचं लोखंडी पिंप दोन वर्षं झाली, कुणी खाली काढत नाही."

मीही हात पुढं केले. तिनं पाणी घातलं नाही. आत गेली आणि फडताळातला तो रोट आणून माझ्या कोरड्याच हातावर ठेवला.

"हा शेवटचा. तुमचा. माझ्यासमोर खा."

इतक्या दिवसांत कडक झाला होता. तो मी उभ्यानं चावू लागलो. आणि माझे दोन्ही मित्र, एक उजवीकडून, एक डावीकडून, माझ्या हनुवटीखाली ओंजळ धरून उभे राहिले.