चाँदपेचाची तोड

नालबंदापुढं बैल आडवा पडला की मालकाला उठून जाता येत नाही. बैलाचे चारी पाय कासऱ्यानं आवळलेले असतात, मालक त्याच्या मानेवर गुडघा देऊन बसलेला असतो, आणि खुरांना लोखंडी पत्र्या ठोकून होईस्तवर नालबंद जे बोलेल ते त्याला ऐकावंच लागतं. आमच्या गावचा जैनोद्दीन नालबंद ह्याच वेळेची वाट बघायचा. पहिला खिळा खुरात गेला की त्याचं सुरू.

"पैलवान म्हणत्यात त्याला. डाव कुणाचा व्हता, इचारा की."

कुणी विचारायचं नाही. सगळ्या गावाला पाठ होतं.

"माझा व्हता. ह्या हातांचा." मग हातोडीचे दोन ठोके. "चाँद्याला काय येत व्हतं? मान खाली घालून रेडकागत ढुशी मारायचा."

बैलाचा मालक मान हलवायचा. खालून बैलही हलवायचा.

गाव आमचं बोरी नदीच्या काठाला, नळदुर्गापासून दोन कोसांवर. चाँदपाशा पैलवान ह्या गावचा. निजामाच्या राज्यात त्यानं हैदराबादेत मोठमोठे गडी लोळवले. पुढं निजाम गेला, राज्य हिंदुस्थानात आलं, तरी त्याच्या नावाला धक्का लागला नाही. कोल्हापूर-मिरजेच्या मैदानात आमच्या गावाचं नाव त्याच्यामुळं घेतलं जायचं. महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या साली तो काविळीनं गेला, आणि मेल्यावर जिवंतपणापेक्षा जास्त वाढला. तालमीला त्याचं नाव. येष्टी थांबायची त्या लिंबाला त्याचं नाव. हॉटेलात दुधाचा एक मोठा पितळी पेला होता, त्याला गिऱ्हाईकं 'चाँदपाशा' म्हणायची. 'अर्धा चाँदपाशा द्या' म्हटलं की हॉटेलवाला पेला अर्धा भरायचा. धोंडीबा पाटलानं तर आपल्या खिलारी बैलाचं नाव चाँद ठेवलं, आणि त्या चाँदच्या पायाला पत्र्या मारायची पाळी जैनोद्दीनवर आली. त्या दिवशी खिळे जरा जोरातच बसले, असं पाटलाचा गडी सांगायचा.

पण सगळ्यांत मोठं नाव झालं ते डावाचं. समोरच्याची हनुवटी आणि मनगट एका झटक्यात धरायचं, मान पिळायची, आणि त्याच क्षणी गुडघ्याच्या मागं पाय हाणायचा. गडी आपल्याच वजनानं खाली बसायचा. ह्याला पार कोल्हापूरपर्यंत चाँदपेच म्हणत.

आणि जैनोद्दीन म्हणायचा ते खोटं नव्हतं. डाव त्याचाच होता.

दोघं एका तालमीत, एका वयाचे. बैल पाडायला एरवी तीन माणसं लागतात. जैनोद्दीनचा बाप एका हातात शिंग, एका हातात नाकाडं धरून मान फिरवायचा आणि गुडघा असा द्यायचा की बैल धापकन बसायचा. पोरानं ते बघून बघून उचललं. एके दिवशी तालमीत त्यानं चाँदपाशाला बैलागत पाडलं. लोक हसले. चाँदपाशा हसला नाही. उठला, अंगाची माती झाडली, म्हणाला, "जैनू, आनीक एकदा कर." जैनूनं केलं. पुन्हा म्हणाला, "आनीक एकदा." सबंध पावसाळा चाँदपाशा पडत राहिला, आणि पडता पडता शिकला. पुढं त्याच साली एका माजोरी बैलानं जैनोद्दीनच्या बापाच्या छातीत लाथ हाणली. बाप अंथरुणाला लागला, पोराच्या हातात हातोडी आली. चाँदपाशा हैदराबादला गेला.

एवढंच. ह्याच्यात कुणी कुणाला लुबाडलं असंही नाही. पण जैनोद्दीनला ते पचलं नाही. दोघांचेही कान तालमीत मोडलेले. चाँदपाशाचे मोडके कान तसबिरीत आले, ह्याचे टोपीखाली राहिले.

हमिदाबी, त्याची बायको, त्याला समजावून थकली होती. "मेल्या माणसाशी कायकू झोंबते जी तुमी? त्याची पाठ कवाच मातीला लागली."

"लागली," जैनोद्दीन म्हणायचा, "पर म्या न्हाय लावली."

आता ह्या जळणाऱ्या माणसाच्या जखमेवर दरसाल मीठ पडायचं ते उरसात. सुगी उरकली की आमच्या गावात पिराचा उरूस भरतो, संदलच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड. तिथं आमच्याकडची एक रीत आहे. शेवटची मोठी कुस्ती लागायच्या आधी गड्याचं नाव, त्याचं गाव आणि त्याच्या वस्तादाचं नाव पुकारतात. आणि जो जिंकेल त्याच्या वस्तादाला सगळ्या फडादेखत फेटा बांधतात. गड्याला बक्षीस, वस्तादाला फेटा. चाँदपाशा गेल्यापासून शेवटची कुस्ती त्याचाच चेला रेवणसिद्ध मारायचा, तीही चाँदपेचावर. वस्ताद तर कबरीत. मग फेटा बांधायचे चाँदपाशाच्या तसबिरीला. पाट मांडून त्याच्यावर तसबीर ठेवायची आणि तिच्याभोवती फेटा गुंडाळायचा. लोक टाळ्या वाजवायचे. जैनोद्दीन कडेला उभा राहून बघायचा.

"काचंला फेटा," तो शेजारच्याला म्हणायचा. "आन् डोसकं हितं उनात तापतंय."

चार वर्षं असं चाललं. पाचव्या वर्षी, उरसाला पंधरवडा असताना, भूमकडचा एक गडी बैलजोडी घेऊन दारात आला. नळदुर्गच्या बाजारात जोडी घेतली होती, गावाकडं चालवत न्यायच्या आधी पत्र्या मारून हव्या होत्या. नाव हनीफ. तिकडचा मुलूख कोरडा, गडीही तसाच. अंगावर चरबीचं नाव नाही, सगळी तांत. बैल पाडला तेव्हा मान दाबायला सोबत्याला हाक न मारता तो एकटाच बसला. बैलानं दोनदा हिसका दिला, हनीफ जागचा हलला नाही. जैनोद्दीनची हातोडी थांबली.

"तालमीत जातूस?"

"जातो की, चाचा."

"वस्ताद कोण?"

"पक्का कुणीच न्हाय. गंडा बांधून घेतला न्हाय अजून कुणाचा."

जैनोद्दीननं खिळा तोंडातून काढला. त्या दिवशी त्यानं डावाची गोष्ट सांगितलीच नाही. म्हणाला, "उरसाला शेवटच्या कुस्तीत उभा ऱ्हा."

"रेवणसिद्धासंगं?" हनीफ हसला. "चाँदपेचात मान गावली तर बैल घरी कोण नेईल?"

"त्याची तोड हाय."

"त्याला तोड न्हाय म्हणत्यात."

"म्हणत्यात. कारन ज्यानं डाव काढला त्यानं अजून कुणाला दिली न्हाय." आणि त्यानं आपल्या छातीवर हात ठेवला.

हनीफनं बैलाच्या मानेवरून त्याच्याकडं नीट बघितलं. पोरगा अडाणी नव्हता. "चाचा, डाव तुमचा आन् तोड मला देताय? वस्ताद लोक सोताच्या डावाची तोड पोटच्या पोराला देत न्हायती. मरताना संगं घिऊन जात्यात."

"मेल्यावर फेटा कोन बांधंल मला?" जैनोद्दीन म्हणाला. "पैसा नगं, नारळ नगं. फडात तुजं नाव पुकारलं की वस्ताद म्हणून माजं पुकारायचं. बस."

बैल सोबत्याबरोबर पुढं गेले, हनीफ मागं राहिला. पत्र्या ठोकायच्या जागेवर कडब्याचा भुसा अंथरला, आणि भर दुपारी माणसं रानात असताना दोघं झोंबायचे. तोड सोपी होती, पण बैल पाडणाऱ्यालाच सुचावी अशी. बहुतेक बैल मान पिळली की लांब ओढ घेतात, आणि ओढ घेतली की पडतात. एखादा हुशार बैल ओढत नाही. तो पाडणाऱ्याच्याच अंगावर रेलतो. मग पाडणारा खाली आणि बैल वर. "जिकडं पिळतोय तिकडंच जा," जैनोद्दीन सांगायचा. "त्याच्या छातीत शीर. कंबर घाल. त्याला वाटलं पायजे की भिंतच आंगावर आली." पन्नाशीचा माणूस रोज धाडधाड भुशात पडायचा आणि खूश होऊन उठायचा. हमिदाबी रात्री पाठ शेकायची. एकदा म्हणाली, "चाँदभाई पन ऐसाच पडत होता तुमच्या हातनं." त्यावर जैनोद्दीननं पाठ फिरवली.

उरूस आला. फड माणसांनी गच्च. उत्तरेश्वर पुकारायला उभा, त्याचा आवाज नदीपलीकडं जायचा, भोंगा लागायचा नाही.

"रेवणसिद्ध, ह्याच गावचा, वस्ताद चाँदपाशा पैलवान."

टाळ्या. पाटावरच्या तसबिरीला हार पडला.

"हनीफ, गाव भूम, वस्ताद..." उत्तरेश्वर थांबला, वाकून पुन्हा विचारून घेतलं. "वस्ताद जैनोद्दीन नालबंद."

आधी कुणी हसलं नाही, कारण कुणाला कळलं नाही. मग कळलं.

"आरं, गड्याच्या पायाला पत्र्या हायेत का बघा."

"जैनूचाचा, खिळे आनलेत न्हवं?"

जैनोद्दीन कडेला उभा होता, धुतलेला सदरा घालून. एरवी जीभ आवरत नसे, त्या दिवशी तो नुसता हनीफकडं बघत राहिला.

कुस्ती लागली. पहिली खडाखडी झाली, रेवणसिद्ध सावकाश गडी जोखत होता. हनीफनं मुद्दाम हनुवटी पुढं दिली. रेवणसिद्धाचा हात गेला, मनगट धरलं, मान पिळली, आणि सबंध फड श्वास धरून बसला, कारण इथून पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तसं झालं नाही. हनीफ पिळाबरोबरच आत घुसला, छातीत शिरला, कंबर घातली. रेवणसिद्धाचा एक पाय डाव मारायला आधीच वर उचललेला. दुसऱ्या पायावर दोघांचं वजन आलं. तो पाठीवर पडला आणि हनीफ त्याच्यावर.

चितपट. पंचानं हात वर केला तरी फडात आवाज नाही. आमच्या गावानं चाँदपेच पडलेला कधी बघितलाच नव्हता.

धोंडीबा पाटील फेटा घेऊन उठला. तसबिरीकडं दोन पावलं सवयीनं गेला, मग वळून जैनोद्दीनकडं आला. जैनोद्दीननं टोपी काढली. मोडके कान उन्हात आले. पाटील पीळ देऊन फेटा बांधू लागला आणि जैनोद्दीननं त्या गप्प फडाला ऐकू जाईल असं सांगितलं, "पाटील, आता तरी समद्यांना सांगा. डावबी माजाच हाय."

पाटलाचा हात थांबला. चिडून नव्हे, समजूत घालावी तसं तो म्हणाला, "जैनू, आजवर आमी तुजं म्हननं आर्धं-मुर्धं खरं धरून चाललो व्हतो. म्हटलं, आसंलबी. एका तालमीतले, कुणी कुणाचं घेतलं, देव जाणे. पर आज तूच फैसला केलास."

"कसला?"

"कुनी सोताच्या डावाची तोड परक्याच्या हातात देतंय व्हय? अन् सोताच्याच गावच्या गड्यावर सोडतंय? डाव तुजा आसता तर मरंस्तवर जपला आसतास." पाटलानं फेट्याचं शेवटचं टोक खोचलं. "तोड तुजी. ती लाखमोलाची. पर डाव त्याचा."

आजूबाजूची माणसं माना हलवू लागली. त्यांत काही जुनी होती, तालमीत त्या पावसाळ्यात हजर असलेली. त्यांनाही ते पटलं. वस्तादाची रीत सगळ्यांना माहीत होती, आणि त्या रीतीपुढं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं फिकं पडलं. जैनोद्दीननं हनीफकडं बघितलं. हनीफनं मान खाली घातली. तोही हेच म्हणाला होता, दुसऱ्या शब्दांत.

तेवढ्यात उत्तरेश्वरानं नदीपलीकडं जाईल असा पुकारा केला, "चाँदपेचाची तोड काढणारा वस्ताद, जैनोद्दीन नालबंद."

आता टाळ्या पडल्या, आणि मनापासून पडल्या. इतकी वर्षं ज्या नावासाठी तो जळत होता, ते नाव सगळ्या फडानं ऐकलं. फक्त त्याच्या आधी दुसरं नाव होतं.

घरी आल्यावर हमिदाबीनं फेटा बघितला आणि तोंड बघितलं. "जिंकला न्हवं गडी?"

"जिंकला."

"मंग?"

"मंग काय. चाँद्यानं मला पाडला."

पुढचं सांगायचं तर, त्या उरसानंतर चाँदपेच कमी होईल असं लोकांना वाटलं होतं. झालं उलट. ज्या डावाला तोड नाही तो रेवणसिद्धासारख्या एखाद्याच्याच हातात होता; तोड निघाली म्हटल्यावर प्रत्येक तालमीला दोन्ही पाहिजे झालं. नळदुर्ग, लोहारा, पार सास्तूरकडनं गडी यायला लागले. दुपारी नालबंदाच्या दारात एकीकडं बैल बांधलेले, दुसरीकडं लंगोट लावलेले गडी. जैनोद्दीन आधी दोघा-तिघांना हाकलून देऊन बघायचा, पण हनीफचं नाव सांगून ते बसूनच राहायचे. आणि तोड शिकवायची तर आधी कुणीतरी डाव नीट मारायला पाहिजे. तो त्यांना येत नसायचा. रेवणसिद्ध शिकवायला तयार नव्हता, आणि चाँदपाशा तर कबरीत. मग राहिला कोण?

सासष्ट-सदुसष्टच्या सुमाराला मी बैल घेऊन गेलो होतो. माझा बैल पडलेला, मी मानेवर बसलेला, आणि जैनोद्दीन अर्धा खिळा ठोकून उठला. भुशात दोन गडी झोंबत होते, त्यांतल्या एकानं हनुवटी भलतीकडनंच धरली होती. जैनोद्दीननं हातोडीच्या दांड्यानं त्याच्या कोपरावर टोला दिला.

"आरं गाढवा, चाँद्या आसं धरत नव्हता. कोपर आत घे."

गड्यानं कोपर आत घेतलं.

"आजून आत. त्याचा हात दिसायचाबी न्हाय, आन् मान गेलेली आसायची." तो घसा खाकरून भिंतीकडं थुंकला. "भडवा लई चांगला मारायचा."

मग माझ्या बैलापाशी येऊन बसला आणि राहिलेला खिळा एका ठोक्यात आत घातला.