पाच दिवसांचा

हैफा शहरात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या फ्रुमाबाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे शिवले. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. आता एक्क्याण्णव झाली. पोलंडमधलं त्यांचं गाव जर्मनांनी एका सकाळीत संपवलं. जी काही माणसं उरली, ती दर वसंतात एका सभागृहात जमून मेणबत्त्या लावायची आणि गेलेल्यांची नावं वाचायची. पूर्वी खुर्च्या कमी पडत. गेल्या वर्षी दोघंच होती, फ्रुमाबाई आणि झेलिग.

यादीत फ्रुमाबाईंच्या घरचे, वडील मोर्देखाय धरून, अकरा होते. बारावा नव्हता. तो धाकटा भाऊ, पाच दिवसांचा. मुलाचं नाव आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी ठेवायचं आणि तोवर बापानं ते मनातच ठेवायचं, अशी ज्यूंची रीत. शिपाई त्याआधीच आले. आठ वर्षांची फ्रुमा शेजारच्या खेड्यात दूध आणायला गेली होती, म्हणून वाचली. आपण गेलो की ते बाळ कधी जन्मलंच नव्हतं असं होईल, ही भीती त्यांना आतून खात होती.

"ठेव की एखादं नाव," झेलिग दरवर्षी म्हणायचा.

"नाव गेलेल्या माणसाचं ठेवतात. आमच्याकडे गेलेले इतके, की कुणाचं ठेवू नि कुणाला वगळू?"

"मग माझं ठेव."

"आधी मर तरी, मेल्या!"

झेलिग या हिवाळ्यात खरंच गेला. ना बायको, ना पोर. त्याचं नाव तरी कोण कुणाला ठेवणार? जिभेला हाड नसतं, हेच खरं. फ्रुमाबाई चार दिवस जेवल्या नाहीत.

यंदा सभागृह झाडणाऱ्या सिमीनं सवयीनं दोनच खुर्च्या मांडल्या. एक रिकामी राहिली, तेव्हा सिमीच येऊन तिच्यावर बसली. फ्रुमाबाईंनी चारशे बारा नावं वाचली. कुठे चुकलं तर टोकायलाही आता कुणी नव्हतं. मग त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली, यादीच्या तळाशी एक ओळ लिहिली आणि ती मोठ्यानं वाचली.

"झेलिग, मोर्देखायचा मुलगा. पाच दिवसांचा."

"हे नाव नवीन दिसतंय, मावशी," सिमी म्हणाली. "दरवर्षी ऐकते मी. हे नव्हतं."

"नवीन कुठलं, बाई," फ्रुमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "असता तर आज त्र्याऐंशी वर्षांचा असता."